ओली की सुकी

"अरे, तोंड उघड ना, क्लेम! तू 'सुकी' म्हणालास तर सगळे 'सुकी'च म्हणतील!" मी पळी आपटत ओरडले.

आमचा मुकादम ढिम्म. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "म्हणूनच गप्प बसलोय, ग्लेनिस."

लोकर कातरणाऱ्या या टोळीबरोबर मी क्वीन्सलँडपासून इथपर्यंत रांधत फिरले, पण या माणसापुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. रात्री पाऊस पडून गेला होता. ओल्या मेंढ्या कातरल्या की माणसाला ताप भरतो, सांधे धरतात. म्हणून अशा सकाळी प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि हॅटमध्ये चिठ्ठी टाकायची, ओली की सुकी. बहुमत होईल ते सगळ्यांनी मानायचं. आमच्या आजोबांच्या काळापासूनची रीत. मुकादमाला मत नाही, पण बोलायला काय हरकत होती? फार्मचा मालक पिअर्स बजावून गेला होता, काम थांबलं तर क्लेमला नारळ. आणि या मोसमात क्लेमकडे दुसरं कामच नव्हतं.

चिठ्ठ्या टाकताना तर स्वारी कुंपणापाशी जाऊन शेडकडे पाठ करून उभी राहिली. का, तर पोरांनी आपला चेहरा वाचू नये!

टामाने हॅट उलटी केली. टोळीतला सगळ्यात दांडगा गडी तो. चिठ्ठ्या बघून म्हणाला, "ओली. सगळ्याच."

निकाल ऐकायला परत आलेला पिअर्स लालबुंद झाला. "क्लेम, तू चालता हो. पोरांनो, तुम्ही थांबा. उद्यापासून माझ्या हाताखाली कातरा. चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद."

"थांबा रे," क्लेमच म्हणाला. "माझ्याकडे पुढे काही नाही. घरी पोरंबाळं आहेत तुमची."

लाटण्याने बडवावं की काय या माणसाला! पिअर्सच्या तोंडावर हे सांगायची काही गरज होती?

टामाने हॅट डोक्यावर चढवली. "म्हाताऱ्या, आता यावरही चिठ्ठ्या टाकायच्या का?"

कोणी हसलं, कोणी खाली थुंकलं. मग एकेकाने आपापली कातरायची यंत्रं उतरवली आणि ट्रकमध्ये नेऊन ठेवली.

माझं भट्टीतलं मटण अर्धकच्चंच होतं. शिव्या देत ते भांड्यासकट फडक्यात बांधलं आणि मांडीवर घेऊन क्लेमशेजारी बसले. त्याला काही किल्ली लावता येईना.

"निघ की आता!" टामा मागून ओरडला.

क्लेमने बाहीने डोळे पुसले. मी तोंड खिडकीकडे फिरवलं.