बोहनीचं फूल

टिंग्. सुई स्टीलच्या ताटलीत पडली आणि तेवढ्या आवाजाने खोलीतले सगळे दचकले.

सासूबाईंनी ती उचलली नाही. समोर स्टँडवर मोबाइल उभा, पदराला इवलासा माइक टोचलेला, मांडीवर अर्धा ओवलेला शेवंतीचा हार. निकिताने आवाजात गोडवा आणून पुन्हा विचारलं, "आजी, म्हणजे त्या गाण्यातली फुलवाली तुम्हीच ना?"

निकिता चॅनेल चालवते. ऐंशीच्या दशकातली गाजलेली गाणी आणि त्यांच्यामागचे किस्से. फुलवालीचं गाणं बांधणाऱ्या बेंजोवाल्याने म्हणे मरण्याआधी कुणाला तरी सांगितलं होतं, ती नाशिकच्या फूलबाजारातली, मखमलाबादची कुसा. चॅनेलवर हे ऐकून शेखरने, माझ्या नवऱ्याने, खाली लिहिलं, 'आमच्या मातोश्री!' घरी मात्र सांगितलं, फूलशेतीची मुलाखत आहे.

"शेखर, ही काय इचारती? तू म्हणला व्हता, शेवंतीचं इचारणार."

"आई, चांगलंच आहे ना हे. सगळा महाराष्ट्र ओळखेल तुला."

"वळखा म्हणून मी कुणाच्या पाया पडले व्हते का?"

"आजी भारी बोलतात," निकिता हसली. "हे ठेवू या आपण."

"ठेव. आन् आता सांगते त्ये बी ठेव." आई मोबाइलकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. "त्ये बोहनीचं फूल व्हतं. दिवसाचं पयलं गिऱ्हाईक कुणी का असंना, त्याच्या हातावर एक फूल वरचं ठेवायचं. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. त्यो बेंजोवाला उजाडायच्या आत येऊन हुबा राहायचा. मंग त्यालाच ठेवलं. त्याच्या जागी म्हस आली असती तर तिलाबी ठेवलं असतं."

गाण्यात ती रोज सकाळी त्याच्या हातावर एक जास्तीचं फूल ठेवते आणि तो काय समजायचं ते समजतो. एवढंच गाणं. कॅसेट निघाली तेव्हा आईंचं नुकतंच लग्न झालं होतं. मग बाजारात जो तो हात पुढे करायला लागला, 'आम्हाला नाही का वरचं?' आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, त्यांचं बाजारात बसणं बंद केलं. तेव्हापासून त्या घरात बसून हार ओवतात.

"पण तो रोज पहिलाच का यायचा?" निकिता पुढे सरकली. "काहीतरी असेलच ना त्याच्या मनात?"

"त्याच्या मनातलं समद्यांनी ऐकलं. वरातीत नाचले त्याच्यावर. ह्यो शेखर बी नाचला सोताच्या लग्नात."

"आई, बँडवाल्यांनी वाजवलं, मी काय करू?"

मला ती वरात आठवली. बँडने ते गाणं धरलं तेव्हा आबा सगळ्या पाहुण्यांसमोर आईंना म्हणाले होते, "घ्या, तुमचं वाजतंय."

"आणि आबांना आवडायचं का हे गाणं?" निकिताने भिंतीकडे पाहिलं. फोटोत आबा फुलांच्या पाट्यांमागे बसलेले, हातात तराजू.

मी या घरात नवीन आले तेव्हा मला वाटायचं, आबांचं सोवळं कडक असेल. पूजेच्या वेळी आई फुलांची परडी उंबऱ्यावर ठेवून मागे सरायच्या, मग आबा उठून घ्यायचे. हातातून हातात कधीच नाही. शेवटच्या आजारात त्यांनी आईंच्या हातून गोळ्या घेतल्या, पेज घेतली. एकदा तापात देवाला वाहायला फूल मागितलं. आईंनी पुढे केलं, तर त्यांनी मूठ मिटून घेतली.

"आई, जुनं झालं आता. किती धरून बसणार?" शेखर चिडला.

"मी धरलं? तुझ्या बापानं धरलं, आन् आता तू." त्या निकिताकडे वळल्या. "पोरी, काय नाव देणार याला?"

"मी 'अबोल प्रेमाची कहाणी' असं देणार होते."

"बोहनी दे."

निकिता खरंच विचारात पडली. वाईट नव्हती ती. "आजी, खोटं कशाला बोलू? बोहनी म्हटल्यावर कोण बघणार?"

"मंग नको टाकू." आईंनी पदराचा माइक काढला आणि ताटलीत, देठांच्या कचऱ्यात ठेवला. "छाया, पावणीला च्या दे. आन् शेखर, तिला गाडीवर सोडून ये. तूच आनली ना."

चहा कुणीच धड प्यायलं नाही. शेखरने गाडी नको तेवढी रेस केली आणि ते दोघं गेले.

मी कप विसळत होते. दारातून दिसत होतं, आईंनी सुई उचलली होती, पण दोरा काही ओवला जात नव्हता. इतका वेळ कोपऱ्यात बसलेली माझी लेक सृष्टी त्यांच्याजवळ सरकली, दोरा ओवून दिला आणि तळहात पुढे केला.

"आजी, मी पहिलं गिऱ्हाईक."

आई थांबल्या. फोटोकडे एकदा बघितलं. मग पाटीतून चांगलं टपोरं फूल शोधून तिच्या हातावर ठेवलं आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

सृष्टी ती मूठ तशीच सांभाळत माझ्याकडे आली.

"मम्मी, आबा पण बाजारात फुलंच विकायचे ना?"

"हो गं."

"मग त्यांना बोहनी माहीत नव्हती?"