तुतीपलीकडचा आवाज

बेलापूरच्या पुढं पाटाच्या कडेकडेनं गेलं की डाव्या हाताला रखमाजीची वस्ती लागायची. दोन खोल्यांचं घर, घरामागं पुरुषभर उंचीची तुती आणि तुतीच्या पलीकडं विहिरीजवळ पत्र्याचं शेड. शेडमध्ये रेशमाच्या अळ्या होत्या. घरापासून शेडपर्यंत दीडशे पावलं. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात ही दीडशे पावलं रखमाजी दिवसातून पंचवीस वेळा चालत होता, आणि त्याला कारण बनाबाईचा मोडलेला पाय.

बनाबाई पाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. श्रीरामपूरला नेऊन मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं बजावलं. अळ्या तेव्हा जेमतेम दुसरी कात टाकून उठल्या होत्या. अळ्यांचं सगळं तिच्याकडं असायचं. ती एका शिबिरात सात दिवस राहून ते शिकली होती आणि दोन पिकं तिनं एकटीनं काढली होती. रखमाजीनं उभी नोकरी पाटकरी म्हणून केली. कुठल्या चारीला किती पाणी सोडायचं हे तो झोपेत सांगायचा. अळ्यांना मात्र तो ‘किडे’ म्हणायचा आणि आजवर शेडच्या दारातूनच बघायचा.

आता त्यालाच पाला टाकावा लागत होता. पाला कोवळा घ्यायचा का जून, ओला चालंल का, खालची घाण कधी काढायची, सगळं विचारायला तो घरी यायचा. सांगितलेलं ऐकून परत जायचा आणि अर्ध्या वाटेत त्यातलं निम्मं विसरायचा. बनाबाईनं हाका मारून बघितल्या. पण तुती दाट होती आणि पाटाच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सारखे जात होते. हाक मध्येच कुठंतरी विरून जायची.

त्यांची मुलगी दीपा पुण्याला एका कंपनीत होती. आयटीआय करून ती तिथं सर्किटला डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम करायची. आईला बघायला ती तीन दिवसांची रजा काढून आली, ती पिशवीत दोन पांढरे डबे घेऊनच. वहीएवढे डबे, पुढं जाळी, खाली दोन बटणं, मागं वायर आणि प्लग.

“हे काय हाय?” बनाबाईनं विचारलं.

“इंटरकॉम. आमच्याकडंच बनतो. डब्याला ओरखडा होता म्हणून हा जोड बाजूला काढला होता, साहेबांना विचारून आणला.” दीपानं एक डबा आईच्या उशाशी ठेवला. “याला वेगळी वायर ओढावी लागत नाही. लाइटच्या तारेतूनच आवाज जातो.”

“करंट असतो त्या तारेत,” रखमाजी म्हणाला.

“करंट त्याच्या वाटेनं जातो, आबा, आवाज त्याच्या वाटेनं. तार एकच.”

रखमाजीला ते पटलं नाही. पण दीपानं दुसरा डबा स्वयंपाकाच्या खोलीत लावला आणि बटण दाबून हळूच “आई” म्हटलं, तेव्हा ते बनाबाईच्या कानाशी इतकं जवळून ऐकू आलं की तिनं दचकून मान वळवली. दीपा लहानपणी पांघरुणात शिरून अशीच बोलायची.

मग तोच डबा शेडमध्ये नेला, आणि तिथं काहीच झालं नाही. लाल दिवा लागला, जाळीतून नुसती घूं ऐकू आली. दीपा बटण दाबून बोलत राहिली. इकडं बनाबाईला तिच्या डब्यातून तसलीच घूं येत होती.

शेडमध्ये त्या दिवशी सामसूम होती. अळ्या चौथ्या कातीला बसल्या होत्या. कात टाकायच्या आधी अळी दिवसभर मान उंच करून निपचित राहते, पानाला तोंड लावत नाही. बनाबाई त्याला निजणं म्हणायची. सात फळ्यांच्या मांडणीवर हजारो अळ्या निजल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध दीपा पुन्हा पुन्हा “आई, ऐकू येतंय का” म्हणत होती.

तिनं ट्यूब बंद केली. घूं कमी झाली, आवाज काही आला नाही. प्लगच्या भोकांतला गंज घासला. शेडच्या कोपऱ्यात वायरीचा एक जुना जोड होता, तो मेन बंद करून उघडला, तांबं खरवडलं, पीळ देऊन पुन्हा पट्टी गुंडाळली. तरीही तेच.

“लांब पडत आसंल,” रखमाजी म्हणाला.

दीपानं शेजारच्या केशरबाईंच्या वस्तीवरून मांडवाची लांब वायर मागून आणली. घरातल्या प्लगमधून ती तुतीच्या ओळीतून ओढत नेली आणि दर वीस पावलांवर डबा लावून बघितला. सगळीकडं आवाज स्वच्छ. शेडच्या उंबऱ्यावरसुद्धा. रखमाजी घरात खाटेशी बसून उत्तरं देत होता आणि दर वेळी आधी घसा खाकरत होता. मग तिनं डब्याचा प्लग वायरीतून काढून दोन हातांवरच्या शेडच्या प्लगमध्ये घातला. घूं.

म्हणजे अंतराचं काही नव्हतं. दीपा उंबऱ्यावर बसून राहिली. ही वायर अशीच ठेवावी असं एकदा मनात आलं, पण तुतीला एक दिवसाआड पाणी होतं आणि ओल्या सरीतून उघडी वायर टाकायची तिची हिंमत नव्हती. कंपनीत बिघडलेला डबा समोर आला की तिला दहा मिनिटांत दोष सापडायचा. इथं दोन्ही डबे चांगले होते. दोष मधल्या कशात तरी होता, आणि तो दिसत नव्हता.

दिवेलागणीला ती घरात आली तेव्हा बनाबाई अर्धवट झोपेत होती. दुखऱ्या पायाच्या गोळ्यांनी तिला दिवसातून चार वेळा अशी गुंगी यायची. त्या गुंगीत तिला वाटायचं की अळ्या तुतीतून रांगेनं आल्यात, खाटेच्या पायावरून वर चढल्यात आणि तिच्या पायाभोवती धागा गुंडाळतायत. प्लास्टर म्हणजे त्यांनीच विणलेलं घर. त्यात भीती वाटण्यासारखं काही नसायचं. उलट ती पाय हलू द्यायची नाही, धागा तुटंल म्हणून.

“जमंना का?” डोळे न उघडताच तिनं विचारलं.

“नाही. उद्या बघते.”

“दोन्हीकडं लाइट सारखीच असती का गं?”

“म्हणजे?”

“पडल्या पडल्या बघती मी खिडकीतनं. आपली लाइट गेली तरी शेडातली राहती. परवा घरात अंधार हुता अन् पलीकडं पाल्यातनं उजेड दिसत हुता. मला वाटलं सपान हाय. मग त्यांना इचारलं तर म्हणले, व्हय, शेडात ट्यूब हुती.”

दीपा आईकडं बघत राहिली. मग खाटेच्या कडेवर बसली आणि स्वतःशीच हसली.

“तीन तारा आहेत, आई,” ती म्हणाली. “डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून तीन येतात. मोटारीला तिन्ही लागतात, म्हणून विहिरीपर्यंत तिन्ही नेल्यात. घराला त्यातली एक. शेडची लाइट मोटारीच्या पेटीतून घेतलीय, ती दुसरीच कुठली तरी. आवाज एका तारेत सोडला तर तो दुसऱ्या तारेत कसा जाणार?”

“मग मी काय म्हणती,” बनाबाई म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

सकाळी ऊन तुतीवर आल्यावर दीपानं विहिरीवरच्या पेटीचा खटका पाडला आणि टेस्टर लावून खात्री केली. पेटीत तीन फ्यूज शेजारी शेजारी होते. शेडची तार पहिल्याखाली आवळलेली होती. तिनं ती सोडवून मधल्याखाली घातली, खटका चढवला, शेडमध्ये जाऊन बटण दाबलं. घूं. ती परत आली, खटका पाडला, तार तिसऱ्याखाली नेली.

“आई,” खटका चढवून शेडमध्ये आल्यावर ती बटण दाबून म्हणाली.

“बोल की,” डबा म्हणाला. “लई वेळ झाला, चहा न्हाई प्याली तू.”

रखमाजी दारात उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि जाळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, “मी हाय हितं.”

“तंबाखूचा हात धुतला का?” बनाबाईनं विचारलं. तंबाखूचा नुसता वाससुद्धा अळ्यांना मारतो. रखमाजी हौदाकडं गेला.

त्या दुपारी अळ्या उठल्या. रखमाजीनं पाला पसरला, आणि दीपानं दुसरं बटण दाबून ठेवून त्यात खिट्टी अडकवली. म्हणजे शेडातलं सगळं घरात ऐकू येत राहील, कुणी काही दाबायला नको. ती घरी पोचली तेव्हा बनाबाईनं बोट ओठावर ठेवलं होतं. डब्यातून भुरभुर पाऊस पडत होता. पावसात वारा नव्हता, गडगड नव्हती. पानांवर पानांवर पडत जाणारी एकसारखी बारीक सर, कुठं दाट, कुठं विरळ. हजारो तोंडं पाला कुरतडत होती.

“डाव्या अंगाच्या खालच्या फळीला पाला कमी पडलाय,” घटकाभरानं बनाबाई म्हणाली.

“हे कसं कळलं तुला?”

“प्लगाशेजारची फळी ती. तिथनं आवाज लवकर संपला.”

दीपानं बटण दाबून आबांना सांगितलं. रखमाजीनं वाकून बघितलं. खालच्या फळीवर नुसत्या शिरा उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दीपा पुण्याला गेली. त्यानंतर घरात कायम तो पाऊस होता. बनाबाई त्यात झोपायची, त्यात उठायची. केशरबाई पाला तोडायला आणि भाकरी टाकायला येऊन जायच्या, त्याही घडीभर ऐकत बसायच्या. बनाबाईला स्वप्नं पडायची ती आता हिरवी असायची. एकदा तिला दिसलं की ती पाटातून चालतेय, पाटात पाण्याऐवजी पाला वाहतोय आणि पाय अजिबात दुखत नाही.

शेडातला आवाज सारखा घरात येतो हे दीपानं आबांना सांगितलं होतं, पण बहुतेक ते रखमाजीच्या ध्यानात राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी पावसातून त्याचं बोलणं ऐकू आलं. तो अळ्यांशी बोलत होता.

“खा रं, खा. आज पाला चांगला हाय. ती बरी झाली की म्हणंल, पाटकऱ्यानं उपाशी मारलं. तसं म्हणू देऊ नका.” मग थोडा वेळ नुसता पाऊस. “पडली तवा मी घाबरलो हुतो. तिला काय बोललो न्हाई. म्हणलं, आपनच घाबरलं तर ती काय करंल.”

बनाबाईचा हात बटणाकडं गेला होता, तो तिनं मागं घेतला. बत्तीस वर्षांत या माणसानं तिच्याशी एका दमात इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. ती छताकडं बघत पडून राहिली. संध्याकाळी तो जेवायला आला तेव्हा तिनं फक्त त्याच्या ताटात अजून एक भाकरी ठेवायला केशरबाईंना सांगितलं.

आठव्या दिवशी दुपारी तिला जाग आली ती काहीतरी नसल्यामुळं. डबा चालू होता, लाल दिवा लागलेला होता. पाऊस मात्र विरळ झाला होता. एखादी सर, मग काहीच नाही. तिनं बटण दाबलं.

“अवो, काय झालं? पाला टाकला न्हाई का?”

“टाकला. खात न्हाईत,” रखमाजीचा आवाज निवांत होता. “परत निजल्या त्या. मीबी जरा आडवा हुतो म्हणलं.”

“निजल्या न्हाईत. चार झोपा झाल्या, पाचवी नसती त्यांना. एक उचला अन् उजेडाकडं धरा. कशी दिसती?”

त्याची पावलं दाराच्या उजेडाकडं गेली आणि परत आली. मग तो म्हणाला, “पिवळट. आरपार दिसतंय पोटातनं. पिकलेल्या द्राक्षावानी.”

“मान हलवती का?”

“हलवती. काहीतरी हुडकत असल्यावानी.”

“पिकल्या त्या. त्यांना आता घर करायचंय. जागा न्हाई मिळाली तर तिथंच घाणीत धागा सोडतील, सगळं जाईल. माळ्यावरच्या चंद्रिका खाली घ्या.”

चंद्रिका म्हणजे बांबूची मोठी जाळी, तिच्यात पट्टीची वळणं वळणं बसवलेली. त्या वळणांत अळी कोष विणते. रखमाजीनं त्या उतरवल्या, केशरबाई आणि त्यांची सून धावत आल्या. बनाबाई डब्यातून सांगत होती. पिवळी दिसंल ती आधी घ्यायची, पांढरी पिकली की मागाहून. बोटानं चिमटायचं नाही, तळव्यावर घ्यायची. दाटीनं ठेवायच्या नाहीत, नाहीतर दोघी मिळून एक घर करतात आणि ते उलगडत नाही. आठ दिवसांपूर्वी ज्यानं अळीला हात लावला नसता तो रखमाजी ओंजळी भरभरून अळ्या नेत होता. ऊन कलेपर्यंत शेडात माणसांचे पाय, बांबूची करकर आणि अधूनमधून “ही घेऊ का?” एवढंच ऐकू येत होतं. नंतर तेही थांबलं.

“संपल्या,” तो म्हणाला. “सगळ्या वर गेल्या.”

“दार लावून घ्या. उजेड नको, वारा नको.”

“बने,” तो म्हणाला. बटणाचा टक आवाज आला, आणि तिला कळलं की खिट्टी काढून त्यानं डबा बंद केला. अळ्यांना शांतता हवी हे तिनंच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी तो परडी घेऊन आला. परडीत कोष होते, बोराएवढे, पांढरे, काही किंचित पिवळसर. त्यानं परडी खाटेवर ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. बनाबाईनं एक कोष उचलला, कानाशी धरला आणि हळू हलवला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

“आत वाजतंय म्हणजे तयार झाला,” ती म्हणाली. “ऐका.”

रखमाजी उठून आला. तिनं कोष त्याच्या कानाला लावला. त्यानं डोळे मिटले. मग तिच्या हातातून कोष घेऊन स्वतः हलवून बघितला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. बाहेर पाटाच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, तरी तो तसाच मान कलती करून ऐकत उभा होता.