मालक खाली उभा राहतो

तारीख आधी ठरते आणि काम नंतर उरकले जाते, हे आपल्यापैकी कुणालाच नवे नाही. पूल असो नाहीतर शाळा, फीत कापायची कात्री आधी तयार असते. नव्या रुग्णालयाचेही तसेच झाले होते. निवडणूक तोंडावर आली होती, उद्घाटन रविवारी ठरले होते, पाहुण्यांच्या गाड्या थेट दारापर्यंत यायच्या होत्या, आणि दारावरच्या स्लॅबखाली अजून लोखंडी टेकूंचे रान उभे होते.

त्या टेकूंवरून नगराध्यक्षांच्या घरी सकाळच्या चहालाच वाजले.

"टेकू इतक्यात काढता येणार नाहीत, बाबा," लेक म्हणाली. ती इंजिनिअर. वडील राजकारणात गेले तेव्हापासून बांधकामाची कंपनी तिच्या नावावर होती. "तो स्लॅब एका बाजूनं भिंतीत आहे, दुसऱ्या बाजूला खाली काहीच नाही. त्यात ही थंडी. थंडीत काँक्रीट सावकाश कडक होतं. आणखी दोन आठवडे तरी द्या."

"मी स्लॅब घालायला लागलो तेव्हा तू रांगत होतीस."

"मग? तेव्हा थंडी पडत नव्हती?"

मामा कपातच हसला. मामा म्हणजे नगराध्यक्षांचा मेव्हणा. लेक मामा म्हणते म्हणून साइटवरचे सगळेच त्याला मामा म्हणत. पहिल्या कामापासून तो बरोबर होता.

"दाजी, पोरगी तुमच्यावरच गेलीय. आता सोसा."

"तू चहा पी," नगराध्यक्ष म्हणाले.

या माणसाचे नाव झाले ते एका शिरस्त्यामुळे. भाड्याच्या मिक्सरवर पहिले घर बांधले तेव्हा घरमालक घाबरलेला होता. नवखा कंत्राटदार, स्लॅब टिकेल की नाही, देव जाणे. टेकू काढायच्या दिवशी कंत्राटदार स्वतः स्लॅबखाली बरोबर मध्यभागी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, काढा. गावभर चर्चा झाली. पुढे प्रत्येक कामावर तेच. टेकू निघताना कंपनीचा मालक खाली उभा राहतो. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा फलकावर फोटोही तोच होता, स्लॅबखाली हाताची घडी, आणि खाली ठळक अक्षरांत 'धोका आधी माझा'. लोकांनी डोळे झाकून मते दिली.

"रविवारचं चुकवता येणार नाही," ते म्हणाले. "मी उभा राहतो ना खाली. मग तर झालं?"

"तुम्ही उभं राहिल्यानं स्लॅब पक्का होत नाही, बाबा. तेव्हा तुम्ही ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त थांबायचात, म्हणून तो पक्का असायचा. आपण थांबायचं सोडलं, उभं राहायचं तेवढं ठेवलं."

"नगरपालिकेच्या इंजिनिअरची हरकत नाही. विचारलंय मी."

"तुम्ही त्याचे साहेब. तो कुठल्या तोंडानं हरकत घेणार? आणि मी तुमची मुलगी. काम तुम्ही दिलंत, ते करतो आपण, तपासणार तुमचा माणूस. नाही म्हणायला उरलंय कोण?"

नगराध्यक्षांच्या बायकोने बशा गोळा करता करता नवऱ्याकडे पाहिले. ते मेव्हण्याकडे वळले.

"शनिवारी टेकू काढून घे."

"मी तसा हुकूम देणार नाही," लेक म्हणाली.

"तू नको देऊस. मी दिलाय."

शनिवारी मात्र पक्षाची वरची मंडळी अचानक गावात उतरली. थेट राजधानीत नेणाऱ्या त्या निवडणुकीची उमेदवारी कुणाला द्यायची, ते त्या दुपारी ठरणार होते. नगराध्यक्षांनी विश्रामगृहाच्या जिन्यातूनच मेव्हण्याला फोन लावला.

"मला निघता येत नाही. तू सुरू कर."

"मग खाली कोण उभं राहणार?"

"अरे, राहू दे आता ते."

"असं कसं राहू दे? टेकू काढायला आलेले सेंट्रिंगवाले माझ्या तोंडाकडे बघतायत. आज कुणीच उभं राहिलं नाही, तर म्हणतील मालकाचाच भरवसा नाही." मग मामाच हसून म्हणाला, "मालक नाही तर मालकाचा मेव्हणा. वजन तेवढंच आहे, दाजी."

नगराध्यक्षही हसले. त्यांना त्या क्षणी 'थांब' म्हणता आले असते. ते म्हणाले, "फोटो काढून घे."

टोकाकडचे टेकू निघेपर्यंत स्लॅब धरून होता. भिंतीकडचे सैल केले आणि तो भिंतीपाशी तुटून सबंध खाली आला. टेकू काढणारे कडेला होते, ते उड्या मारून वाचले. मधे एकच माणूस उभा होता.

नगराध्यक्ष पोहोचले तेव्हा लेक ढिगाऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. तुटलेल्या काँक्रीटच्या कडा तिच्या बोटांनी भुगा होऊन सुटत होत्या. मामाला बाहेर काढून दारातच निजवले होते, अंगावर कुणाचा तरी सदरा. बाजूला उद्याच्या लाल गालिच्याची गुंडाळी. रुग्णालयाच्या दारात माणूस पडला होता आणि आत अजून एकही डॉक्टर नव्हता.

पक्षाच्या चिटणिसाने त्यांना साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले.

"साहेब, वाईट झालं. पण ऐका. हुकूम तुम्ही तोंडी दिला होता ना? मग निस्तरता येईल. मेव्हण्यांनी उत्साहाच्या भरात स्वतःच टेकू काढले. तुम्ही तर बैठकीत होतात, दहा जणांनी पाहिलंय. उमेदवारीला धक्का लागत नाही."

"आणि मुलगी?"

"ती घरचीच आहे. तिला समजावा."

दार ढकलून बायको आत आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाहेर पोलीस आलेत, वार्ताहर आलेत," ती म्हणाली. "काय सांगायचं ठरलंय?"

तिने दार मागे लावून घेतले.

"जे ठरलं असेल ते मला आत्ताच सांगा. माझ्या भावजयीला जाऊन मलाच सांगायचंय. भावानं स्वतःच्या मूर्खपणानं जीव घालवला म्हणायचं असेल, तर तसं म्हणते. पण आधी तुम्ही माझ्या तोंडावर म्हणा."

नगराध्यक्षांनी तोंड उघडले. वाक्य तयार होते, सोपेही होते. पण ज्या माणसाने कधी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याच्या माथी ते कसे मारायचे? मग ते उठले, चिटणिसाला बाजूला सारून बाहेर गेले.

"टेकू मी काढायला लावले," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माझ्या मुलीनं नको म्हटलं होतं, कारणासकट सांगितलं होतं. मला रविवारी उद्घाटन हवं होतं. यात माझ्या मेव्हण्याचा काही दोष नाही. लिहून घ्या."

उमेदवारी त्याच संध्याकाळी दुसऱ्याला गेली. पद सुटले, खटला उभा राहिला. लेकीने नगरपालिकेची सगळी कामे सोडली आणि रुग्णालयाचे उरलेले स्लॅब तपासायला परगावचे इंजिनिअर आणवले, ज्यांचे या घराशी घेणे ना देणे. त्यांनी आणखी एक स्लॅब पाडायला लावला. तो पाडला. रुग्णालय उशिरा सुरू झाले, पण त्याच्या दारातून आज आजारी माणसे निर्धास्त ये-जा करतात.

दिवसकार्य उरकल्यावर नगराध्यक्ष मामाच्या घरी, त्याच्या बायकोला भेटायला गेले. तिने बसा म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

"खरं बोललात, ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण आधीच कुणी तुम्हाला अडवलं असतं तर."

"अडवलं होतं," ते म्हणाले. "अडवणारी माझीच माणसं होती. मी ऐकलं नाही, आणि ऐकायला लावेल असं कुणी मी ठेवलं नव्हतं."

नागरिकहो, गोष्ट एवढीच आहे. आपण नेत्याचे धाडस पाहून टाळ्या वाजवतो, तो छातीठोकपणे पुढे उभा राहिला की आपले समाधान होते. पण छातीवर स्लॅब तोलत नाहीत. काम देणारा, करणारा आणि तपासणारा एकाच घरात जेवत असतील, तर 'थांबा' म्हणणाऱ्याच्या शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी उद्घाटन कधी, हे विचारण्याआधी हे काम कुणी तपासले आणि तो कुणाचा मिंधा तर नाही ना, एवढे विचारायला शिका. आणि तो थांबा म्हणाला तर त्याच्या पाठीशी उभे राहा.