टाच बाहेरच्या बाजूला

"आधी डावा द्या," मी म्हटलं.

तेओदुलोंनी उजवा बूट पुढे केला. मी तोच घेतला.

त्यांचं कोपर सोलवटलं होतं, पण जखमेपेक्षा बुटांचीच घाई होती. चर्चसमोरच्या चौकात बटाट्याच्या ट्रकला वाट द्यायला ते थांबले आणि पाय पेडलमधून सुटलाच नाही. थांबल्या जागी सायकलसकट आडवे झाले. त्यांना घरी घेऊन आला तो बेलिसारिओ, त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा सायकलसोबती.

"मला वाटलं, पाद्रीबाबांना बघून लोटांगणच घालतोय हा!" बेलिसारिओ मला म्हणाला. "एर्मेलिंदाबाई, ह्याला स्वर्गात जायची फार घाई झालीय."

"क्लीट झिजल्यात," तेओदुलो म्हणाले. "त्या बदल, म्हणजे झालं."

मी बूट उलटा केला. क्लीट म्हणजे तळव्याला तीन स्क्रूंनी बसणारी पट्टी. ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते; टाच बाहेर फिरवली की सुटते. ही पुढच्या टोकाला पार झिजली होती. पण झिजलेली क्लीट अडकून बसत नसते, नको तेव्हा सुटते. हे मला ठाऊक होतं, बेलिसारिओला ठाऊक होतं, आणि आम्हा दोघांना शिकवलं होतं तेओदुलोंनीच. बेलिसारिओने माझ्याकडे पाहिलं, कपातलं गुळपाणी संपवलं आणि टोपी घेऊन निघून गेला.

महिन्यातलं हे तिसरं पडणं होतं.

तेओदुलोंशी लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा ते सायकल शर्यतीत पाणक्याचं काम करायचे. संघातल्या मोठ्या खेळाडूला बाटल्या पोचवायच्या, वारा स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि चढ आला की मागे पडायचं. ते कधी जिंकले नाहीत. मात्र शर्यत एखाद्याच्या गावातून जाणार असेल तर बाकीचे त्याला थोडं पुढे जाऊ देतात, अशी रीत आहे. त्या वर्षी आमच्या गावातून शर्यत गेली आणि अकरा किलोमीटर ते सगळ्यांच्या पुढे होते. मी कुंपणापाशी उभी होते. ते इतक्या जोरात गेले की मला फक्त पाठ दिसली.

पुढे घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. ते चाकं बघायचे, मी बूट. पहिल्या क्लीट आल्या तेव्हापासून त्या बसवणं माझ्याकडेच. जुनी काढण्याआधी तिच्याभोवती रेघ मारून घ्यायची, म्हणजे नवी तिथेच बसते. केसभर जरी सरकली तरी गुडघा आठवडाभर रडवतो. बाकीचे पेन्सिलने रेघ मारतात, ती एका पावसात जाते. मी नखपॉलिशने मारते. नखांना कधी लावलं नाही, बुटांनाच लावत आले.

दुपारी योलिमा आली. ही आमची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. तिने बापाचं कोपर धुऊन बांधलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आई, सायकलला कुलूप घाल."

"मग करतील काय?"

"बसतील. लोक बसतातच की या वयात."

"तुझ्या बापाला बसायला येत नाही."

"शिकतील! पुढच्या वेळी ट्रक थांबला नाही तर?"

मी कांदा चिरत राहिले. तिचं बरोबर होतं. मला काही वाटलं पाहिजे होतं, पण हात फक्त कांदा चिरत होते.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. लाल क्लीट पायाला जरासुद्धा हलू देत नाही. तेओदुलोंनी जन्मभर लालच वापरली. पिवळी टाचेला थोडी मोकळीक देते. पिवळी वापरणाऱ्यांना ते 'चप्पलवाले' म्हणायचे. मी पिवळ्या काढल्या. तेवढ्याने पाय सहज सुटणार नाही असं वाटलं, म्हणून कानस घेतली आणि दोन्हींच्या मागच्या टोकाचा दीड मिलिमीटर घासून काढला. रेघेत नीट बसवल्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. पन्नास वर्षांत त्यांच्या बुटांबद्दल लपवलेली ही पहिलीच गोष्ट.

रविवारी सकाळी नेहमीचे सायकलवाले म्हातारे चौकात जमले. तेओदुलोंनी उजवा पाय दाबला. खट्‌ आवाज आला, पण बारीक. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि निघाले.

दहाच्या सुमारास बेलिसारिओ आणि ते चालत परत आले, सायकली हाताने ढकलत.

"घाटाच्या शेवटच्या वळणावर हा उभा राहून पेडल मारत होता," बेलिसारिओ दबक्या आवाजात म्हणाला, "आणि उजवा पाय सुटला. पडला नाही. दरीच्या बाजूला कठडा होता म्हणून. मला म्हणतो, क्लीट मीच बसवल्या, स्क्रू ढिला राहिला. ह्याने कधी बसवल्यात?"

तो गेला.

तेओदुलो आत येऊन स्टुलावर बसले. बूट काढून मांडीवर उलटे ठेवले.

"पिवळ्या आहेत."

"हो."

"घासल्यास."

"हो."

"किती?"

"दीड."

त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. "मागचं टोक घासलंस तर वर ओढताना सुटणारच. बाजूची कड घासायची असते. तीसुद्धा अर्ध्याच्या वर नाही."

"चुकलं माझं."

"काम स्वच्छ केलंयस. जागा चुकली." मग त्यांनी बूट खाली ठेवले. "एर्मेलिंदा, सोडवताना टाच कुठल्या बाजूला फिरवायची गं?"

"बाहेर."

"बाहेर," ते म्हणाले. पाय उचलून त्यांनी हवेत टाच फिरवली. आत फिरली. त्यांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यांनी पाना मागितला आणि स्वतःच सायकलची दोन्ही पेडलं काढली. डावं उलट्या आट्याचं असतं. ते मात्र बरोबर त्या बाजूलाच फिरवलं. पेडलं फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिली.

"योलिमाला सांग," म्हणाले, "कुलूप नको."

पुढच्या रविवारी सकाळी ते उठले, दाढी केली, अंगावर लोकरीचा रुआना घेतला आणि साध्या चामडी बुटांत चौकात गेले. मी दारातून बघत होते. म्हातारे जमले होते. बेलिसारिओ सायकल धरून उभा होता.

तेओदुलो त्याच्या सायकलमागे जाऊन उभे राहिले. घड्याळाच्या शर्यतीत एकेक स्वार सुटतो तेव्हा त्याला दोन्ही पाय आधीच अडकवता यावेत म्हणून मागून धरतात, तशी त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली.

"चढ," ते म्हणाले.

बेलिसारिओला चाळीस वर्षांत कोणी धरलं नव्हतं. तो चढला. एक पाय अडकवला, मग दुसरा. सायकल जराही हलली नाही.

"सोड की आता," बेलिसारिओ म्हणाला.

तेओदुलोंनी चार पावलं त्याच्याबरोबर टाकली, मग सोडली. परत येऊन ते पुढच्या सायकलमागे उभे राहिले. तिघेजण रांगेत थांबले होते.