तलाठ्याची खुर्ची

एक्याण्णवच्या श्रावणात उंबऱ्याशी यशोदाबाईंचा तोल गेला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर कानबाई होती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाकडोळे काढून, नथ घालून कानबाई पाटावर बसते आणि सोमवारी तिला त्याच पाटासकट डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. भडगावजवळच्या त्या गावात ही देवी बहुतेक घरांत होती, पण यशोदाबाईंच्या घरची रीत जरा हट्टी होती. उचलणारीनं उकिडवं बसायचं, डोक्यावर पाट ठेवून घ्यायचा, आणि दोन्ही हात पाटाला असताना तसंच उठायचं. जमिनीला हात टेकला तर देवी रुसते. रुसल्यावर नेमकं काय करते ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी हात टेकलाच नव्हता.

सासूनंतर हा मान चौतीस वर्षं यशोदाबाईंकडे होता. त्या वर्षी त्या उठल्या खऱ्या, पण पाय लटपटले आणि उंबऱ्यात अंगठा अडकून पाट कलला. मागे पाण्याची कळशी घेऊन धाकटी जाऊ तानुबाई चालत होती. तिनं कळशी टाकली आणि पाट धरला. देवी वाचली, कळशीला पोचा आला. ती कळशी फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली गेली.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यशोदाबाईंचे दीर रुपचंदनाना ओट्यावर बसून बोलून गेले की यंदा कानबाई तानू उचलेल. यशोदाबाईंचे यजमान अभिमनआबा शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली, कारण ते नानांच्या प्रत्येक बोलण्याला मान हलवत. यशोदाबाईंना मात्र हे कळलं ते शेजारच्या मोतीबाईकडून, आणि तेही पिठाच्या गिरणीत. मान गेला याचं त्यांना वाईट वाटलंच, पण न विचारता गेला याचं जास्त वाटलं. घरातलं जुनं सूप अडगळीत टाकतानाही कुणीतरी एकदा विचारतं.

त्या रागाच्या भरात त्या जळगावला गेल्या. मुलगा धनसिंग तिथे पाइपच्या कारखान्यात होता. तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. यशोदाबाईंनी ताकदीची सुई मागितली. तिथल्या कसरत शिकवणाऱ्या तरुण बाईनं सुई दिली नाही. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, हातांची घडी घालायला लावली आणि उठा म्हणाली. यशोदाबाई अर्ध्यावर उठल्या आणि परत बसल्या.

"घरी गिरणीचं पीठ आहे, नळ आहे," बाई म्हणाली. "दुखणं काही नाही. मांड्यांना कामच नाही राहिलं. ते आता मुद्दाम द्यायचं."

तिनं एक छापील कागद दिला. त्यावर पँट घातलेली एक म्हातारी खुर्चीवरून उठत होती, भिंतीला धरून टाचा उचलत होती, एका पायावर उभी होती. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं मोजत दहा वेळा, आणि तोल जाईल म्हणून मागे कुणीतरी हवंच, असं बाईनं दोनदा बजावलं.

घरात खुर्ची एकच होती. लोखंडी, घडीची, आणि ती तलाठ्याची. म्हणजे होती घरचीच, पण तलाठी किंवा ढोरांचा डॉक्टर आल्याशिवाय तिच्यावर कुणी बसत नसे. यशोदाबाईंनी ती दुपारी काढली तसे आबा खाटेवरून बोलले.

"तलाठी उना ते कोठे बसी?"

"मी उठनू का मंग बसी," यशोदाबाई म्हणाल्या.

खुर्चीचा प्रश्न असा सुटला. मागे उभं राहणाऱ्या माणसाचा सुटेना. दुपारी बाकी सगळी शेतात. आबांना पकडायला ठेवावं तर आधी आबांना कुणी पकडायचं? राहता राहिली तानुबाई, जिच्याशी यशोदाबाई आखाजीपासून मीठ आणि तेल यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"तानू, माले कसरत करनी शे. मांगे उभी ऱ्हा. मी पडनू ते धर."

"कसाले?"

"कानबाई उचलाले."

तानुबाई भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, उलटली, भाजून घेतली. तीस वर्षं ती कळशी घेऊन मागे चालली होती. यंदा कानबाई आपल्या डोक्यावर, असं तिनं माहेरीही सांगून ठेवलं होतं.

"कानबाई ते यंदा मी उचलसू," ती म्हणाली.

"माले माहीत शे. तरी बी धर."

तानुबाईनं पिठाचे हात तसेच पुढे केले आणि खुर्चीमागे उभी राहिली.

पहिले आठ दिवस यशोदाबाई पडल्या नाहीत आणि तानुबाई बोलली नाही. नवव्या दिवशी एका पायावर उभ्या असताना यशोदाबाई सरळ मागे कलंडल्या. तानुबाईनं त्यांना काखेत धरलं आणि नीट खुर्चीवर ठेवलं. सोडून दिलं असतं तर श्रावणाचा प्रश्न तिथेच मिटला असता. दोघींनाही ते कळलं, आणि त्या दिवसापासून यशोदाबाई तिच्यावर फार रागावू शकल्या नाहीत.

मध्येच मोतीबाईनं त्यांना डोळे मिटून, हात पसरून, एका पायावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली.

"अक्का, तुम्हना आंगमा येस का?"

यशोदाबाईंनी नाही म्हणून सांगितलं. मोतीबाईचा विश्वास बसला नाही. नारळ ठेवून गेली, त्याची चटणी झाली.

महिनाभरानं यशोदाबाई खुर्ची सोडून जमिनीवरून उठू लागल्या. ते पाहून तानुबाई म्हणाली, "यामा काय शे," आणि पदर खोचून उकिडवी बसली. हात डोक्याशी धरले, उठायला गेली आणि धपकन खाली बसली. ती यशोदाबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान होती.

"लुगडं अडकनं," ती म्हणाली.

लुगडं कुठेही अडकलं नव्हतं. यशोदाबाईंच्या मनात आलं, गप्प बसावं. श्रावणात सगळ्या भावकीसमोर हिला अशीच बसू द्यावी. असं मनात आलं याची त्यांना लाजही वाटली नाही. पण तानुबाई दुसऱ्या दिवशी न सांगता परत उकिडवी बसली. तिचा चेहरा इतका घाबरलेला होता, की यशोदाबाई उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. उठणं आणि मोजणं तिला एकदम जमत नसे, म्हणून मोजायचं कामही त्यांनीच घेतलं.

आषाढ सरेपर्यंत यशोदाबाई डोक्यावर पाट आणि पाटावर पाच किलो ज्वारी घेऊन बारा वेळा उठत होत्या. तानुबाई पंधरा वेळा उठत होती. हे आकडे त्या दोघींनाच माहीत होते, आणि ते यशोदाबाईंना अजिबात आवडत नव्हते.

कानबाईच्या सोमवारी घर माणसांनी भरलं. खुर्ची पुसून पाहुण्यांसाठी ठेवली होती. नानांनी हाक मारली तशी तानुबाई नवं लुगडं नेसून पाटासमोर उकिडवी बसली. पोचा आलेली कळशी यशोदाबाईंच्या हातात होती. तानुबाईच्या डोक्यावर पाट ठेवला गेला. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या.

तानुबाई उठली नाही. तिनं मान न हलवता डोळे वर केले आणि यशोदाबाईंकडे पाहिलं.

"पाट काढी ल्या," ती म्हणाली. "मना गुडघा धरायना. अक्काले बसू द्या."

नाना काहीतरी म्हणणार होते, पण अख्खी भावकी ताटकळलेली पाहून गप्प बसले. पाट काढल्यावर तानुबाई हात टेकून, कण्हत उठली. कण्हणं जरा जास्तच होतं. यशोदाबाईंनी कळशी तिच्या हातात दिली, बसल्या, पाट घेतला आणि एका दमात उठल्या. उंबरा ओलांडताना त्यांना मागे वळून पाहता येत नव्हतं, पण कळशी काखेत मारून तानुबाई एक हात पुढे धरून चालते आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गिरणा नदीपर्यंत तो हात तसाच होता.

विसर्जन झालं. घरात टाकायला नदीची वाळू न्यायची असते. लोक काठ चढून वर गेले, तशी तानुबाई टोपली घेऊन पाण्याशी उकिडवी बसली, वाळू भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि दोन्ही हात टोपलीला धरून सरळ उठली. मग तिच्या लक्षात आलं की यशोदाबाई मागेच उभ्या आहेत.

"एक," यशोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पुढला साल तू बस. मांगे मी ऱ्हासू."

तानुबाईनं डोक्यावरची टोपली नीट केली आणि काठ चढू लागली.

"मंग उद्या दुपारले खुर्ची काढा," ती म्हणाली.