तिसऱ्यांदा धरलेला श्वास

“माय, आता श्वास घे. धर,” प्रसेनजित काचेमागून माइकवर म्हणाला आणि त्याने बटण दाबले.

आत एमआरआयच्या बोगद्यात त्याची आई, सुमनबाई, कानातली फुले काढून, डोळे मिटून पडली होती. तेर गावाहून येताना एसटीत ती श्वास धरायचा सरावच करत होती. शेजारच्या बाईने उलटी होतेय की काय म्हणून पिशवी पुढे केली, तरी हिचे आपले चालूच. तपासणी लेकाच्या हातची, त्याची नाचक्की व्हायला नको.

धाराशिवच्या या सेंटरवर लोकांना श्वास धरायला सांगण्यातच प्रसेनजितची उमेदीची वर्षे गेली होती. हृदयाची एकामागून एक चित्रे घ्यायची, प्रत्येक चित्राचा एक ठिपका, संगणक त्या ठिपक्यांतून रेघ काढणार, रेघेवरून आकडा, आकड्यावरून रंग. हिरवा म्हणजे स्नायू धड, लाल म्हणजे कडक झालेला. पेशंटला धाप लागली की ठिपके विस्कटत, रेघ बसत नसे. मग नीट आले नाही, परत या, असे सांगून तो त्यांना घरी पाठवी. तेवढीच बिचाऱ्यांना आशा.

अलीकडे नवा प्रोग्राम आला होता. तो रेघ काढतच नाही. चित्रांवरून थेट आकडा देतो. श्वास जरा चुकला तरी त्याचे अडत नाही. तो आला तेव्हा पेढे वाटले होते प्रसेनजितनेच.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. थोडे लाल असेल तर औषधांवर निभेल. सगळेच लाल असेल तर आईला घरी न्यायचे आणि आवडेल ते खायला घालायचे.

पडद्यावर हृदयाचे कडे उमटले. सगळे लाल.

हलली असेल, असे म्हणून त्याने पुन्हा घेतले. पुन्हा तेच. आता आणखी घेण्यात काही अर्थ नाही हे त्याच्याइतके कोणाला कळणार? तरी त्याने माइक ओढला.

“माय, अजून एकदा. श्वास घे. धर.”

एखादा तरी हिरवा कण सापडेल म्हणून तो पडद्यावर बोट फिरवत राहिला. एकही नव्हता. नव्या प्रोग्राममुळे परत या म्हणायची सोयही उरली नव्हती. त्याला रडू फुटले, आणि त्या भरात तो ‘सोड’ म्हणायचेच विसरला. यंत्र केव्हाच थांबले होते. काचेतून पाहिले तर आईच्या पोटावरचा, श्वास मोजणारा पट्टा हलत नव्हता.

“सोड माय, सोड,” म्हणत तो आत धावला आणि त्याने तिला बाहेर ओढले.

सुमनबाई घामाने भिजली होती. धाप ओसरायला बराच वेळ लागला.

“तू सांगितल्याबिगर कसा सोडायचा?” ती म्हणाली. “माझ्यामुळं बिघडलं तर न्हाय?”

“न्हाय माय. लई चांगलं आलं.”

बाहेर बाकावर पुढच्या नंबरची बाई भेदरून बसली होती. सुमनबाई तिच्याशेजारी टेकली.

“भ्यायचं न्हाय,” तिने सांगितले. “माझाच लेक हाय आत. त्यो धर म्हनला की धरायचा, सोड म्हनला की सोडायचा. बाकी काय बी करावं लागत न्हाय.”

प्रसेनजित वाकून तिच्या कानात फूल घालत होता. फिरकी काही केल्या बसेना.