वाघकांद्याची नोंद

कलाबाई पाट्यावर काहीतरी वाटून राहिली होती, अन् अंगणात तिची शेळी गोळ्यायची पन्नी चघळून राहिली होती. मी पन्नी वढून घेतली तं आत गोळ्या तशाच. साखरेच्या. तेजरामच्या.

"हे काय वाटून राहिलीस वं?"

"वाघकांदा, मामीजी. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. आज आठवा दिवस."

"बैलाचा खांदा सुजला का?"

"बैलासाठी नाही. यायच्यासाठी." तिनं हनुवटीनं घराकडं दाखवलं.

तेजराम माह्या दिराचा पोरगा, कलाबाईचा नवरा. त्याची माय तो पाळण्यात असतानाच गेली, तवापासून माह्याच हातचं खाऊन वाढला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण मले तो अजून लंगोटातच दिसते. आत खाटंवर बसून लोट्यामागं लोटा पाणी पिऊन राहिला होता. इतकं पाणी, की मले वाटलं गावची बोडी, सारं तळं, आटन अन् मासे धरणारे ढिवर लोक माह्या दारात भांडाले येतीन. डोळे खोल गेलेले. जवळ गेली तं तोंडाले सडलेल्या सीताफळासारखा वास.

"साखरेची सुई कुठं आहे तुही?"

"बंद केली, मोठी माय. आठ दिवस सुई नाही, गोळी नाही, निस्ता कांदा. आज कंपनीवाले सभेत माहा व्हिडिओ काढतेत. आशाताई रिता मशीन लावन, साखर उतरलेली दिसन, मंग समितीवाल्या देवाजीची सही. गावाले कंपनीच्या पैशात वाटा भेटन."

"कोणं सांगितलं तुले हा खायले?"

तो हासला. ओठ फाटलेले होते, तरी हासला.

"तूनंच त लिहून देल्लं!"



तीन वर्साखाली कॉलेजची एक पोरगी आली होती. गावातली झाडं, वेली, कंद, मासे, सारं एका सरकारी वहीत लिहायचं होतं. जैवविविधता नोंदवही म्हणतेत तिले. म्हातारी म्हणून मले विचारलं. मी दीडशे नावं सांगितली, खरीच. पोरगी जांभया देऊ लागली. मले कोणी जांभई देल्ली की माही जीभ खाजवते. वाघकांद्याची पाळी आली तवा मी म्हटलं, बाई, माह्या आजेसासऱ्याले अशी साखर होती, का त्याच्या लघवीमागं मुंग्यायची रांग लागे, थेट आंबागडच्या किल्ल्यापर्यंत. किल्ल्यावरची तोफ बी मुंग्यायनं हालवली. मंग त्यानं वाघकांदा खाल्ला, अन् सातव्या दिवशी मुंग्या रागानं परत गेल्या.

पोरगी पोट धरधरून हासली. अन् वहीत काय लिहिलं? "वाघकांदा : मधुमेहावर उपयुक्त." बस. मुंग्या तिनं लिहिल्याच नाही.

आमच्याकडं वाघकांदा कोणी खात नाही. जूवानं घासून बैलाचा खांदा आला, सुजला, की उगाळून लावतेत. माणसानं खायची वस्तूच नव्हे. पण ते ओळ वाचून नागपूरची एक कंपनी गावात आली. किलोमागं पैसे देऊ लागली, अन् महिनाभरात लोकायनं सबली घेऊन किल्ल्याखालचं रान असं खणलं, का रानडुकरं बी लाजली. आता कंपनीले पक्का कागद पाहिजे होता. ह्या वहीच्या गावसमितीची परवानगी, अन् गावातला एक बरा झालेला माणूस.

"चाल," मी तेजरामले म्हटलं, "आताच्या आता दवाखान्यात चाल. ते मी बनवून सांगितलं होतं."

"तू बनवूनच सांगते, मोठी माय. सारं गाव जाणते. पण हे सरकारी वहीत आहे."

तो भिंतीले धरून उठला अन् सभेले निंगाला. मी मागं मागं.

ग्रामपंचायतीसमोर मंडप टाकला होता. कंपनीचा संजीव मोबाइल काठीवर लावून उभा. समितीचा अध्यक्ष देवाजी नवीन धोतर नेसून, कागदावर हात ठेवून बसलेला, जसा कागद उडूनच जाईन. तेजरामले मधात खुर्ची देल्ली. तो बसला तं खुर्ची नाही, तोच करकरला.

आशाताई रिता त्याच्या बोटाले टोचून मशीन पाहू लागली. पाहिलं. झटकलं. परत दुसऱ्या बोटाले टोचलं.

"किती?" देवाजीनं विचारलं.

"आकडा नाही येऊन राहिला, काका."

देवाजी उडूनच उभा झाला. "ऐका गा! आकडाच नाही! साखर उरलीच नाही!"

मंडपात टाळ्या. कोणीतरी शिट्टी मारली. कलाबाईनं डोळ्याले पदर लावला. मी रिताचं तोंड पाहून राहिली होती. ते पांढरं पडलं होतं.

"नाही काका!" ती वरडली. "मशीन सहाशेपर्यंतच मोजते. त्याच्यावर गेलं का आकडा दाखवतच नाही. यायले आताच तुमसरच्या दवाखान्यात न्या. थांबू नका."

टाळ्या थांबल्या. संजीवनं मोबाइल खाली केला. "मशीन जुनी असेल," तो म्हणाला. "दुसरी मागवू. घाई काय आहे?"

"मशीन जुनीच आहे," तेजराम म्हणाला. जीभ जड झाली होती त्याची. "मले काही नाही झालं. पाणी द्या."

"दादा, सुई घ्या. माह्या हातानं देतो," रिता म्हणाली, "मंग गाडीत बसा."

"नाही. आज सुई घेतली तं सारं गाव म्हणन तेजरामनं घात केला. हे पाहा किती लोक आहेत."

तवा मी उभी राहिली. साऱ्या गावासमोर, डोक्यावर पदर घेऊन, पहिल्यांदाच खरं बोलाले. "ऐका. ते वहीतलं खोटं आहे. मी त्या पोरीले गंमत केली होती. वाघकांदा बैलाच्या खांद्याचा आहे, माणसाच्या पोटाचा नव्हे."

सारा मंडप हासला. असा हासला, जसा मी तोफ हालवणाऱ्या मुंग्यायचीच गोष्ट सांगितली.

"आता खोटं बोलून राहिलीस व्हय, रुखमाबाई?" देवाजी म्हणाला. "वाटा जास्त पाहिजे म्हणून?"

"तुह्या वाट्याले आग लागो. माहा पोरगा मरून राहिला."

"परवा त तू म्हणत होतीस तुह्या माहेरी मासे झाडावर चढतेत. ते बी खरं व्हय?"

परत हासे. तेजरामबी हासला, अन् हासता हासता त्याची मान एका बाजूनं गेली. कलाबाईनं धरलं. त्यानं डोळे उघडले, तिचा हात झटकला, अन् खुर्चीचे दांडे घट्ट धरले. चार माणसं लावून उचललं असतं, पण चार माणसं उठतच नव्हती. सारे देवाजीकडं पाहत होते, देवाजी कागदाकडं.

श्वास मोठा मोठा होऊन राहिला होता त्याचा. लोहाराच्या भात्यासारखा.

मले कळलं, खऱ्यानं हा माणूस हालत नाही. मंग मी खाली बसली. मांडी घातली. गोष्ट सांगाले बसतो तशी.

"बरं," मी म्हटलं. आवाज हळू केला. "तुमाले पुरं ऐकायचं आहे का? त्या पोरीले मी अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगाची बंदी आहे आमच्या घरात."

संजीवनं मोबाइल परत वर केला.

"वाघकांदा सात दिवस माणसाचा राहते. आठव्या दिवशी त्याचा वाघ होते. पोटात बसते. जीभ वाळवते, पाणी मांगते, श्वास वढते. माह्या आजेसासऱ्याले असंच झालं. आठव्या दिवशी त्यानं तीन विहिरी पिल्या. मान एका बाजूनं गेली." मी तेजरामच्या मानंकडं पाहिलं. साऱ्यायनं पाहिलं. "मंग त्याच्या बायकोनं काय केलं? वाघाले लोखंडाचं भेव. तिनं त्याच्या पोटाले लोखंडाची टोच मारली, अन् सूर्य डोक्यावर याच्या आत त्याले गावाची शीव पार करवली. शिवेच्या आत वाघ सुटला, तं खाणाऱ्याले बी खाते, अन् ज्यायनं रान खणलं त्यायले बी."

मांगच्या रांगेतले खणणारे पाय जवळ घेऊन बसले.

तेजरामचे डोळे गोल झाले. लहानपणी माह्या मांडीवर होत होते, तसेच. "लोखंडाची टोच?" त्यानं कसंबसं विचारलं. "पोटाले?"

"पोटालेच."

रिता हुशार. तिनं माह्याकडं एकच डाव पाहिलं. "माह्यापाशी आहे लोखंड!" म्हणून पिशवीतून सुई काढली, त्याची बंडी वर केली अन् टोचून बी टाकली. तो गपचूप राहिला. "आता शीव!" ती वरडली. "सूर्य पाहा कुठं आला!"

चार नाही, दहा माणसं उठली. संजीवचीच गाडी होती दारात. तो चाबी द्याले मागंपुढं पाहू लागला, तं मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बी गोदामात भरून ठेवला आहे ना वाघकांदा?" त्यानं गाडी सुरू केली.

रस्त्यानं तेजराम दोन डाव बेहोश झाला. कलाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन निस्ती माह्याकडं पाहत होती. मी त्याचे तळवे चोळत राहिली.

तुमसरच्या दवाखान्यात त्याले आत नेलं, नळ्या लावल्या. घंटाभर कोणी आमच्याशी बोललं नाही. मंग डॉक्टरीण आली, हातात कागद घेऊन. "काय खाल्लं यांनी?"

मुंग्या, तोफ, वाघ, सारे माह्या जिभेवर येऊन उभे राहिले. मी गिळले.

"बैलाच्या खांद्याले लावाचा कांदा खाल्ला. सुई सोडली. मी खोटं सांगितलं होतं म्हणून."

तिचा पेन थांबला.

"लिहा बाई," मी म्हटलं. "हे बी लिहा. माहं नाव टाका, रुखमिणी. खाली मी सही करतो."

संजीव बाजूलेच उभा होता. कागदावर सही झाली, तसा तो बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. परत आला तवा घाम पुसला. "आजी, तुमच्या गावचं काम आता थांबेल. हा कागद असल्यावर तुमच्या समितीची सही कंपनीत कोणी घेणार नाही."

"अन् खणणं?"

"तुमच्या गावात थांबेल." तो चाबीशी खेळत राहिला. "पण बाजारात मागणी आहे, आजी. नोंदवह्या प्रत्येक गावात आहेत."

मले त्याले शिवी द्यायची होती. पण ते पहिली ओळ माहीच होती ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजराम शुद्धीवर आला. कलाबाईनं चमच्यानं पाणी पाजलं. त्यानं मले पाहिलं अन् बारीक आवाजात म्हणाला, "मोठी माय, वाघ गेला का?"

हो म्हटलं असतं तं झालं असतं. गावात दहा वर्स पुरली असती ते गोष्ट. पण मंग उद्या तो सुईऐवजी घरी खिळा टोचून घेईन.

"वाघ नव्हता, बापा," मी म्हटलं. "मुंग्या बी नव्हत्या. टोच म्हणजे तुही रोजची सुई. कांदा बैलाचाच आहे. मी त्या पोरीले हासवाले बोलली, अन् काल तुले उठवाले."



"सारं गाव माह्यावर हासन," तो म्हणाला.

"हासन."

"अन् गावाचा वाटा?"

"गेला."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "बोलू नको माह्याशी, मोठी माय."

मी नाही बोलली. तिथंच स्टुलावर बसून राहिली. माह्या जिंदगीत मी इतका वेळ गप्प कधी बसली नव्हती. कलाबाईनं दोन डाव मले पाहिलं, मी जित्ती आहो का म्हणून.

चार वाजता सिस्टर ट्रे घेऊन आली. "तेजराम कोण? इंजेक्शन आहे."

तो तसाच पडून होता. सिस्टरनं परत नाव घेतलं. मी तोंड उघडलं, अन् बंद केलं.

मंग तो हळूहळू वळला. माह्याकडं पाहिलं नाही. आपल्याच हातानं बंडी वर केली, अन् पोट पुढं केलं.